पार्श्वभूमी : समुद्राच्या सायीवरची वस्ती

पॅसिफिक महासागरातल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्याची सफाई चर्चेत आली की ‘न्यूस्टन’, म्हणजे पाण्याच्या अगदी वरच्या थरात राहणारे जीव, हा शब्द हमखास कानावर पडतो. हा शब्द मुळात समुद्राचा नाही, गोड्या पाण्याचा आहे. सफाईत प्लॅस्टिकबरोबर हे जीवही ओढले जातात का, यावरून जो वाद पेटला, त्यातला बराच गुंता या शब्दापाशी सुरू होतो.

तो गुंता समजून घ्यायला नाशिककरांना समुद्र गाठायची गरज नाही. पावसाळ्याचा जोर ओसरून गोदावरी संथ झाली की पात्रात पानवेली (जलपर्णी) पसरतात. काठाच्या उथळ पाण्यात, पानवेलींच्या मधल्या मोकळ्या जागेत सकाळच्या उन्हात नीट पाहिलं तर लांब पायांचा एक किडा पाण्यावर उभा दिसतो. पाय बुडत नाहीत. ते टेकतात तिथं पाण्याला फक्त खळी पडते, आणि तळाशी त्या खळ्यांच्या गोल सावल्या किड्याच्या अंगाच्या सावलीपेक्षा ठळक दिसतात. पानवेल आणि किडा, दोघंही पृष्ठभागावरचेच. पण पानवेल मुळं पाण्यात सोडून पानं हवेत धरते, तर किड्याला नुसता पाण्याचा पृष्ठताण पेलून धरतो.

शास्त्रानं या दोन तऱ्हांना दोन नावं दिली. १८९६ मध्ये युरोपातल्या कॉन्स्टन्स सरोवराच्या वनस्पतींवर लिहिताना ‘प्ल्यूस्टन’ हा शब्द आला, तो पानवेलींसारख्या तरंगत्या वनस्पतींना लागू पडणारा. १९१७ मध्ये एका स्वीडिश संशोधकानं पाण्याच्या वरच्या सायीला धरून राहणाऱ्या जिवांना ‘न्यूस्टन’ म्हटलं. दोन्ही शब्द तळ्या-सरोवरांपुरते होते आणि तिथं ते चपखल बसत होते.

समुद्रावर नेल्यावर त्यांची ओढाताण झाली. निळी बाटली या जेलीफिशसारख्या जिवाचा वायूचा फुगा हवेत आणि डंख मारणारे धागे खोल पाण्यात; तिला कुठं बसवायचं? काही माशांची अंडी सायीला खालून लागून असतात, पण पिल्लं मोठी झाली की खाली निघून जातात. ती किती दिवस इथली मानायची? १९६०च्या दशकात काळ्या समुद्रावर काम करणाऱ्या सोव्हिएत अभ्यासकांनी वरच्या अवघ्या पाच सेंटिमीटरच्या थरातल्या जिवांना न्यूस्टन म्हटलं आणि फुगा किंवा शीड असलेले जीव प्ल्यूस्टन म्हणून वेगळे काढले. पाश्चात्त्य लेखनात मात्र पुढं बहुतेक सगळेच ‘न्यूस्टन’ या एका नावाखाली आले. मराठीत तर दोन्हींसाठी सरसकट ‘तरंगणारे जीव’ असंच लिहिलं जातं, आणि मग पानवेल, निळी बाटली आणि माशाचं अंडं एकाच टोपलीत जातात. मला हा फरक किरकोळ वाटत नाही. जो जीव खाली जाऊच शकत नाही आणि जो पुढं खाली जाणारच आहे, त्यांच्यावरचं संकट सारखं नसतं.

काळ्या समुद्रावरच्या त्या कामाचं खरं मोल जाळ्यात होतं. प्लवकांची, म्हणजे प्रवाहाबरोबर वाहणाऱ्या बारीक जिवांची, नेहमीची जाळी पाण्याखालून ओढली जायची आणि जहाजाच्या पुढच्या टोकाची लाट वरची साय मोडून टाकायची. पृष्ठभागाचा थर वेगळा गाळणारी जाळी वापरल्यावर त्या पाच सेंटिमीटरमध्ये माशांची अंडी आणि पिल्लं दाटीनं मिळाली. बोय माशाच्या जातभाईंची पिल्लंही त्यात होती.

पुढं त्याच जाळ्याला दुसरंच काम लागलं. १९७१ मध्ये अटलांटिकच्या सारगासो समुद्रात न्यूस्टनच्या जाळ्यात प्लॅस्टिकचे कण सापडले, १९७२ मध्ये ते छापून आलं, आणि प्लॅस्टिक मोजायचं हत्यार म्हणूनच हे जाळं ओळखलं जाऊ लागलं. जीव मोजणारे मागं पडले. याची मला मनापासून खंत वाटते.

सप्टेंबर २०१८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून प्लॅस्टिक अडवून गोळा करायला ६०० मीटर लांबीची एक तरंगती भिंत पॅसिफिकमध्ये नेण्यात आली. तिच्याखाली तीन मीटर खोल पडदा होता. पोहणारे जीव पडद्याखालून निघून जातील, अशी कल्पना होती. पृष्ठभागाच्या अभ्यासकांचा आक्षेप साधा होता: ज्यांना बुडी मारताच येत नाही ते खालून जाणार कसे? जे वारे आणि प्रवाह प्लॅस्टिक गोळा करतात, तेच या जिवांनाही एकत्र आणतात. सफाई करणाऱ्यांचं म्हणणं असं की परिणाम आधी तपासला होता आणि प्लवकांचं नुकसान फार नाही. शब्दाचा गुंता इथं नडतो. ‘प्लवक’ म्हटलं की खोलवर पसरलेली, भराभर वाढणारी अफाट संख्या गृहीत धरली जाते. सायीवरच्या वस्तीला खोलीच नाही. माझ्या मते तिची मोजदाद आधी व्हायला हवी होती.

ती मोजदाद थोडीफार झाली ती २०१९ मध्ये, पट्ट्यातून पोहत जाणाऱ्या एका जलतरणपटूच्या सोबतच्या नौकेवरून. २०२३ मध्ये निष्कर्ष आले: शीड उभारणारी वेलेला, निळ्या बटणासारखी पॉर्पिटा आणि जांभळी गोगलगाय जांथिना, तिन्ही पट्ट्याच्या आत बाहेरच्यापेक्षा जास्त. नमुने मोजकेच होते, तरी दिशा स्पष्ट होती. दुसरीकडं, खुल्या महासागरावर राहणारे एकमेव कीटक, म्हणजे गोदावरीतल्या त्या किड्याचे सागरी भाऊबंद, प्लॅस्टिकच्या कणांवर अंडी घालू लागल्याचं २०१२ मध्येच नोंदलं गेलं होतं. म्हणजे प्लॅस्टिक राहू द्यावं असं कुणी म्हणत नाही. प्रश्न काढायचं कसं, एवढाच आहे.

आपल्या किनाऱ्यावर ही मंडळी पावसाळी वाऱ्याबरोबर येतात. ऑगस्ट २०१८ मध्ये मुंबईत निळ्या बाटल्यांनी अनेकांना डंख मारला तेव्हा त्या बातमीच्या धनी झाल्या.

जांथिना पायाची ओंजळ करून हवेचा थेंब पकडते, त्यावर चिकट स्राव गुंडाळते, तो घट्ट झाला की दुसरा बुडबुडा जोडते. त्या तराफ्याला ती जन्मभर उलटी लटकते. तराफा सुटला तर बुडते, तिला पोहता येत नाही. २०२३ मध्ये आलेलं सफाईचं नवं जाळं दोन किलोमीटरहून लांब आहे. त्यात अडकलेल्या कासवांसाठी कॅमेरे आणि सुटकेचं दार आहे. जांथिनाला त्या दारापर्यंत जाता येत नाही.