त्सुनामी-निक्षेपांतील सागरी जीवावशेष

समुद्रात राहणाऱ्या प्राण्यांचे शिंपले, शंख, प्रवाळांचे तुकडे आणि फोरॅमिनीफेरांसारख्या सूक्ष्मजीवांची कवचे त्सुनामीच्या लाटेबरोबर किनाऱ्याच्या आत वाहून येतात व तेथील गाळात गाडली जातात. लेखी नोंद नसलेल्या काळातील त्सुनामींचा शोध घेताना भूवैज्ञानिक या अवशेषांचा आधार घेतात. मात्र किनाऱ्यापासून दूर शिंपले सापडले एवढ्यावरून त्सुनामी सिद्ध होत नाही. जमीन वर उचलली गेल्याने जुनी पुळण आत राहते, वादळी लाटाही शिंपले आणतात आणि माणसांनी खाऊन टाकलेल्या शिंपल्यांचे ढीग तर किनारी वस्त्यांजवळ सर्रास आढळतात.

हा भेद कसा करावा, हे ओमानमधील सूर येथील खारकच्छात, म्हणजे समुद्रापासून जवळजवळ अलग झालेल्या उथळ खाऱ्या पाण्याच्या जागेत, चांगले दिसते. २८ नोव्हेंबर १९४५ रोजी पहाटे पाकिस्तान-इराणच्या मकरान किनाऱ्याजवळ मोठा भूकंप झाला आणि त्यातून उठलेली त्सुनामी ओमानपर्यंतच नव्हे, तर मुंबईपर्यंत पोहोचली. सूरच्या गाळात तिने शिंपल्यांचा एक पातळ, पण दूरवर पसरलेला थर सोडला आहे. त्यात खारकच्छातल्या जातींबरोबर बाहेरच्या समुद्रातल्या जातीही मिसळलेल्या असून पुष्कळ शिंपल्यांच्या दोन्ही शिंपा अजून जोडलेल्या आहेत. ही खूण सर्वांत बोलकी म्हणावी लागेल. प्राणी मेला की शिंपला उघडतो, हे तिसऱ्या (खाण्याचे शिंपले) निवडणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. पुढे बिजागरीचा बंध कुजून दोन्ही शिंपा सुट्या होतात. म्हणजे जोडशिंपले जिवंतपणी किंवा मरणानंतर लगेच गाडले गेले असले पाहिजेत. तुकड्यांच्या कडाही धारदार आहेत. पुळणीवर रोज घासले गेलेले तुकडे गुळगुळीत होतात.

अशा थराचे वय रेडिओकार्बन पद्धतीने, म्हणजे अवशेषांत किरणोत्सारी कार्बन किती उरला आहे यावरून, काढताना सावधगिरी लागते, कारण समुद्राच्या पाण्यातील कार्बन जुना असल्याने शिंपल्याचे वय काही शतकांनी जास्त येते. शिवाय लाट आधीच मेलेले जुने शिंपलेही उचलून आणते.

उलट, सागरी अवशेष नसले म्हणून त्सुनामी नाकारता येत नाही. २०११ मध्ये जपानच्या सेंदाई मैदानात त्सुनामीने पसरवलेल्या वाळूत सागरी सूक्ष्मजीव फारच थोडे आढळले, कारण ती वाळू मुख्यतः पुळण आणि किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्या खरवडून आली होती.