ॲडवेअर की स्पायवेअर? मधली भिंत 'आय ॲग्री'च्या बटणाएवढी

२००० नंतरच्या पाच-सात वर्षांत ज्यांच्या घरी पीसी होता, त्यांना हे दृश्य नक्की आठवेल. ब्राउझरच्या माथ्यावर एकाखाली एक तीन-चार टूलबार, होमपेज कुणीतरी परस्पर बदललेलं, आणि एक साइट उघडावी तर पाच पॉप-अप. मग ओळखीतला एखादा मुलगा यायचा, 'व्हायरस आहे' असं निदान करायचा आणि विंडोज परत टाकून द्यायचा. महिन्याभरात पुन्हा तेच. कारण तो बहुतेक वेळा व्हायरस नसायचाच. व्हायरस चोरपावलांनी शिरतो. ही मंडळी पुढच्या दाराने, यजमानानेच 'या' म्हटल्यावर आलेली असायची.

त्यांची नावं दोन, आणि आजही ती एकमेकांच्या जागी सर्रास वापरली जातात. जाहिराती दाखवून पैसे मिळवतं ते ॲडवेअर. तुमची माहिती तुमच्या नकळत बाहेर धाडतं ते स्पायवेअर. कागदावर हा फरक स्वच्छ आहे. पण नेमकी तुम्हाला रुचेल अशी जाहिरात दाखवायची, तर तुम्ही काय बघता यावर नजर ठेवावीच लागते. म्हणजे पाळत दोन्हीकडे असू शकते. उरतो प्रश्न एवढाच, की ती तुम्हाला ठाऊक होती का?

याचा सगळ्यात बोलका नमुना म्हणजे गेटर. पासवर्ड लक्षात ठेवणारं, फॉर्म आपोआप भरून देणारं हे छोटंसं फुकट सॉफ्टवेअर. त्याच्याबरोबर जाहिरातींची यंत्रणाही यायची, आणि ती काझासारख्या (गाणी-फाइली एकमेकांत वाटून घ्यायच्या) इतरांच्या फुकट प्रोग्रॅमांना बांधूनही वाटली जायची. तुम्ही कुठल्या साइटवर आहात हे पाहून ती वर भलत्याचीच जाहिरात उघडायची. २००२ मध्ये वॉशिंग्टन पोस्टसह काही अमेरिकी वृत्तपत्र कंपन्यांनी त्यावरून गेटरला कोर्टात खेचलं. गेटरचा एकूण पवित्रा असा, की वापरणाऱ्याने अटी मान्य केल्यात, तेव्हा आम्ही ॲडवेअर, हेर नव्हे. २००३ मध्ये पीसी पिटस्टॉप या संगणक तपासून देणाऱ्या कंपनीने गेटरला स्पायवेअर म्हटलं, तर गेटरने तिच्यावरच बदनामीचा दावा लावला. तडजोड झाली आणि पीसी पिटस्टॉपने तो मजकूर उतरवला. त्यानंतर लगेच गेटर कंपनीने स्वतःचं नाव बदलून क्लॅरिया केलं. (नाव इतकं स्वच्छ असतं, तर ते बदलावं का लागलं असेल, हा माझा खवचट प्रश्न.)

याच पीसी पिटस्टॉपने पुढे एक गंमत केली. आपल्या एका प्रोग्रॅमच्या अटींमध्ये मध्येच एक ओळ घुसडली: या पत्त्यावर ईमेल करा, पैसे मिळतील. तीन हजारांहून जास्त डाउनलोड झाले, चार महिने गेले, तेव्हा कुठे एकाने ईमेल केला. त्याला १००० डॉलर मिळाले. बाकीच्या सगळ्यांनी 'मान्य आहे' म्हणून पुढचं बटण दाबलं होतं.

सावकाराने पुढे केलेल्या कागदावर न वाचता अंगठा उठवणाऱ्याला आपण भोळा म्हणतो. नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश करणारा यापेक्षा वेगळा काय करतो? म्हणून जबाबदारीचा काही वाटा आपला आहेच. सॉफ्टवेअर टाकताना 'कस्टम' पर्याय निवडला की आधीच टिक केलेले चौकोन दिसतात. ते काढायला अर्धं मिनिट लागतं. क्रॅक केलेलं महागडं सॉफ्टवेअर टाकणाऱ्याने तर कुरकूर करूच नये. फुकट ते पौष्टिक असेलच असं नाही.

पण सगळं खापर वापरणाऱ्याच्या डोक्यावर फोडणंही मला पटत नाही. २००५ मध्ये सोनी बीएमजीच्या काही गाण्यांच्या सीडी विंडोजच्या मशिनमध्ये घातल्या, की कॉपी रोखणारा प्रोग्रॅम बसायचा आणि स्वतःला लपवून टाकायचा. संगणकतज्ज्ञ मार्क रुसिनोविच यांना तो स्वतःच्याच मशिनवर सापडला. अटींत 'एक छोटा प्रोग्रॅम बसेल' इतपत उल्लेख होता. तो लपून राहील, सरळ मार्गाने निघणार नाही, हे नव्हतं. इथे प्रत्येक ओळ वाचणाराही फसलाच असता. आणि हे गिऱ्हाईक दुकानात पैसे मोजून आलेलं होतं! जिंप या मुक्त चित्रसंपादकाचं २०१५ मधलं प्रकरणही तसंच. जिंप बनवणाऱ्यांनी सोर्सफोर्ज ही सॉफ्टवेअर वाटणारी साइट सोडून दीड वर्ष झालं होतं, तरी तिथे जिंपच्या नावाखाली जाहिरातींचं वेष्टन लावलेली फाइल मिळत होती. प्रोग्रॅम सज्जन, पोहोचवणारा तसा नव्हे. तेव्हापासून मी कुठलंही सॉफ्टवेअर ते बनवणाऱ्यांच्या स्वतःच्या साइटवरूनच घेतो.

अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २००६ मध्ये झँगो या ॲडवेअर कंपनीकडून ३० लाख डॉलर वसूल केले. आक्षेप काय, तर फुकट स्क्रीनसेव्हर आणि गेम देताना सोबत काय येतंय ते लांबलचक अटींच्या तळाशी पुरलं होतं, आणि काढून टाकणं मुद्दाम अवघड केलं होतं. थोडक्यात, बटण दाबलं म्हणजे संमती मिळाली असं होत नाही. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ४३ वं कलम मालकाच्या 'परवानगीशिवाय' या शब्दावरच उभं आहे. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा त्यापुढे जातो: संमती मोकळेपणाने, नेमक्या कामापुरती आणि माहिती घेऊन दिलेली हवी, आणि ती मागणारा मजकूर मराठीत वाचायचा पर्यायही मिळायला हवा.

मग समोर बसलेला प्रोग्रॅम ओळखायचा कसा? मी आधी तो काढून बघतो. कंट्रोल पॅनलमधून निमूट गेला तर तो फार तर आगाऊ. नावच यादीत नसेल, किंवा मशिन पुन्हा चालू केल्यावर परत हजर झाला, तर त्याला ॲडवेअर म्हणायची सभ्यता मी दाखवत नाही.

मोबाइलवर मात्र ही परीक्षा अपुरी पडते. ब्राइटेस्ट फ्लॅशलाइट हे अँड्रॉइडवरचं बॅटरीचं, म्हणजे टॉर्चचं, ॲप कोट्यवधी लोकांनी घेतलं होतं. २०१३ मध्ये त्याच व्यापार आयोगाने त्यावर कारवाई केली, तेव्हा कळलं की ते वापरणाऱ्याचा ठावठिकाणा जाहिरात कंपन्यांना पाठवत होतं. अटी मान्य की अमान्य, हे विचारणारा पडदा यायचा खरा. पण तुम्ही कुठलंही बटण दाबायच्या आतच माहिती निघालेली असायची. फ्लॅश कॅमेऱ्याला जोडलेला, म्हणून त्या काळी बॅटरीच्या ॲपला कॅमेऱ्याची परवानगी लागायची, ते समजू शकतो. उजेड पाडायला लोकेशन कशाला?