थर दिसले म्हणजे खडक गाळाचाच? नाही

कड्यात आडवे थर दिसले की खडक गाळाचा, ही समजूत फार जुनी. अठराव्या शतकात जर्मन भूवैज्ञानिक आब्राहाम वेर्नर तर बेसॉल्टसुद्धा (लाव्हा निवून बनलेला काळा खडक) समुद्राच्या पाण्यातून साचल्याचे सांगत. पण लाव्हाही एकावर एक पसरतो आणि त्याचेही थरच बनतात.

खरी ओळख कणांत असते. नुकताच फोडलेला तुकडा दहापट भिंगाखाली धरा. ग्रॅनाइटमध्ये स्फटिक एकमेकांत घट्ट गुंतलेले दिसतील, कारण ते शिलारस (वितळलेला खडक) निवताना जागच्या जागी वाढले. वालुकाश्मात मात्र वेगवेगळे कण आणि त्यांना जोडणारे सिलिका किंवा कॅल्साइट (चुनखडीचे मुख्य खनिज) दिसते. बेसॉल्टचे स्फटिक इतके बारीक की भिंगही अपुरे पडते. तिथे वायूच्या बुडबुड्यांनी सोडलेल्या पोकळ्या शोधा. चूक नेमकी इथेच होते: पोकळीत नंतर कॅल्साइट भरलेले असेल तर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब फसफसतो आणि खडक चुनखडी वाटतो. थेंब पोकळीबाहेर टाकून पाहाच.

वर्गीकरणही वेगळे. अग्निजन्य (शिलारस निवून बनलेल्या) खडकात कणांचा आकार निवण्याचा वेग सांगतो, सिलिकाचे प्रमाण रासायनिक घडण सांगते (बेसॉल्टमध्ये साधारण ४५ ते ५२ टक्के). गाळाच्या खडकात २ मिलिमीटरहून मोठे, गोलसर गोटे जुळलेले असले की तो पिंडाश्म.