‘पाचवीतल्या मुलीला काय वाचायला देऊ?’ या प्रश्नाची पार्श्वभूमी

एप्रिल संपत आला की वाचनालयाच्या खिडकीशी हा प्रश्न हमखास येतो. “आमची आता पाचवीत जाईल. चित्रांची पुस्तकं दिली तर बाळबोध वाटतात म्हणते, मोठ्यांची घेतली तर चार पानांत ठेवून देते. काय देऊ?” मुलांच्या विभागात बसायला लागल्यापासून मी या प्रश्नाला निरनिराळी उत्तरं दिली आहेत. त्यातली बरीच चुकलीही आहेत. प्रश्न आजचा वाटतो, पण त्याच्या मागे दोनशे वर्षांचा पसारा आहे. तो ठाऊक असला की निदान आपलं उत्तर कुठे चुकतं ते कळतं.

आधी वयाचं बोलू. चौथी ते सातवी म्हणजे साधारण नऊ ते बारा. मराठीत मुलांच्या पुस्तकांचे शिशू, बाल आणि कुमार असे गट पाडायची पद्धत आहे. हे वय नेमकं बाल आणि कुमार यांच्या सांध्यावर येतं, त्यामुळे दोन्हीकडून सुटतं. त्यात मराठी वाचनाची एक खासियत आहे. अक्षरं आणि जोडाक्षरं एकदा बसली की मूल काहीही वाचून दाखवू शकतं, अग्रलेखसुद्धा. ‘आमचा तिसरीतला पेपर वाचतो’ हे कौतुक त्यातूनच येतं. पण उच्चारता आलं म्हणजे कळलं असं नव्हे. ‘किंकर्तव्यमूढ’ हा शब्द मुलगा न अडखळता म्हणतो आणि तसाच पुढे जातो. म्हणून या वयाला पुस्तक निवडताना अक्षरं किती अवघड आहेत हे पाहून काहीच साधत नाही. वाक्य किती लांब आहे, गोष्ट किती पानं ओढून नेते आणि त्यातल्या जगात मुलाला शिरता येतं का, हे पाहावं लागतं.

मराठी मुलांचं छापील पुस्तक पहिल्यांदा महाराष्ट्रात नव्हे, तंजावरात निघालं. सरफोजीराजांच्या छापखान्यात १८०६ साली ‘बालबोध मुक्तावली’ छापली गेली. त्या इसापच्या गोष्टी होत्या. त्या काळी रोजचं लिहिणं मोडीत चालायचं, आणि आज आपण ज्या लिपीत वाचतो तिला ‘बाळबोध’ म्हणत. पुढे या शब्दाचा अर्थ ‘फार सोपं, पोरकट’ असा झाला आणि आजची पाचवीतली मुलगी तो नाक मुरडून वापरते. मुंबईत १८२२ साली शाळांची पुस्तकं करायला संस्था उभी राहिली, आणि सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८२८ मध्ये ‘इसापनीतिकथा’ आणि ‘बाळमित्र’ ही पुस्तकं मराठीत आणली. ‘बाळमित्र’ मूळ फ्रेंच, इंग्रजीतून मराठीत आलेलं. या पुस्तकांची निवड मुलांच्या आवडीवरून झालेली नव्हती. कंपनी सरकारच्या शाळांना वाचायला काहीतरी हवं होतं आणि त्यातून सद्वर्तन शिकवायचं होतं. गोष्टीच्या शेवटी तात्पर्य आलंच पाहिजे ही सवय तिथपासूनची. आजही पालक पुस्तक चाळताना आधी शेवटचं पान पाहतात, ते बहुधा त्यामुळेच.

पुढची पन्नासेक वर्षं पुस्तक सुचवण्याचं काम शाळाखात्याकडेच राहिलं. मुलाच्या हातात क्रमिक पुस्तकाखेरीज दुसरं पुस्तक यायचं ते बक्षीस म्हणून. आपल्याकडचा ‘अवांतर वाचन’ हा शब्द पाहा. अवांतर म्हणजे मुद्द्याबाहेरचं. मुद्दा काय, तर परीक्षा. गोष्टीचं पुस्तक आपण शब्दातच बाजूला बसवलं आहे.

मला या इतिहासात सगळ्यात महत्त्वाची वाटतात ती मासिकं. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ मध्ये ‘बालबोध’ हे मासिक सुरू केलं आणि ते तीन दशकांहून अधिक चालवलं. एखाद्या थोर माणसाचं चरित्र, एखादी कविता, एखादा निबंध, थोडं शास्त्र असा त्याचा थाट असे. ते मास्तरकीचंच होतं, पण त्यात एक नवी गोष्ट होती. दर महिन्याला तोच माणूस त्याच मुलांशी बोलत होता. १९०६ मध्ये वासुदेव गोविंद आपटे यांनी ‘आनंद’ काढलं आणि नावातच सूर बदलला. आपट्यांनी रामायण, महाभारत, भागवत मुलांसाठी सोपं करून लिहिलं, आणि मासिकात मुलांना रमवण्याकडे लक्ष दिलं.

मासिक काय करतं? ते मुलाला न विचारता दहा गोष्टी समोर ठेवतं. मूल त्यातल्या तीन वाचतं, चौथी अर्धी टाकतं, आणि ज्या लेखकाची गोष्ट आवडली त्याचं नाव लक्षात ठेवतं. पुढच्या महिन्यात ते नाव आधी शोधतं. ‘पुस्तक सुचवणं’ म्हणतात ते खरं इथे घडत होतं, आणि तेही मुलाच्या हातून. पालकाला फक्त वर्गणी भरायची होती. मासिकं रोडावली तसा याद्यांचा जमाना आला, असं माझं मत आहे. यादी ही मासिकाच्या रिकाम्या जागेवर येऊन बसलेली वस्तू आहे, आणि मासिकाचं काम तिला जमत नाही.

कुठल्याही मराठी यादीत पहिलं नाव ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी ते नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये पाच दिवसांत लिहिलं, १९३५ मध्ये ते छापून आलं. १९५३ साली आचार्य अत्र्यांनी काढलेल्या त्यावरच्या चित्रपटाला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. त्यावर आता काय लिहायचं? एकच. त्या पुस्तकात श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री एकेक गोष्ट सांगतो, आणि प्रकरणांनाही ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ अशीच नावं आहेत. म्हणजे हे पुस्तक घोळक्यात बसून ऐकायचं आहे. आपण ते दहा वर्षांच्या मुलाच्या हातात देतो, खोलीचं दार लोटतो आणि आठवड्याने विचारतो, “रडू आलं का?” आलं नाही तर मुलात काहीतरी कमी आहे असं आपल्याला वाटतं. मोठ्याने वाचून दाखवा, रोज एक रात्र. मग बघा.

या वयाच्या मुलांनी स्वतःहून उचललेली पुस्तकं वेगळीच. ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ तीन भागांत आला आणि ‘चिंगी’ही त्यांचीच. गोट्याला पुढे दूरदर्शनच्या मालिकेने दुसरा जन्म दिला. आणि मग भा. रा. भागवत. पन्नासच्या दशकात त्यांनी मुलांसाठी मासिक चालवलं, त्याचं नाव ‘बालमित्र’. छत्र्यांचं पुस्तक त्यांच्या मनात असेल का, कोण जाणे. ज्यूल व्हर्न त्यांनी मराठीत आणला. आणि फुरसुंगीचा फास्टर फेणे जन्माला घातला. बनेश फेणे, पुण्यातल्या विद्याभवनचा विद्यार्थी. किडकिडीत अंगाचा, सायकल दामटणारा, आश्चर्य वाटलं की तोंडाने ‘ट्टॉक्’ करणारा.

त्या ‘ट्टॉक्’वर जरा थांबते. आमच्याकडे फाफेच्या, म्हणजे फास्टर फेणेच्या, एका जुन्या पुस्तकाला तीनदा पुठ्ठा बांधला आहे. आतल्या चिठ्ठीवर परतीच्या तारखांचे शिक्के इतके दाटलेत की वर दुसरी चिठ्ठी चिकटवावी लागली. शेजारी त्याच काळातलं, त्याच जाडीचं एक संस्कारकथांचं पुस्तक आहे. त्याच्या चिठ्ठीवर चार शिक्के, पानं अजून करकरीत. दोन्ही पुस्तकं मोठ्या माणसांनीच लिहिलेली, दोन्हींत खोटं बोलू नये असंच सांगितलंय. फरक इतकाच की फाफेत नायक वाचणाऱ्याच्या वयाचा आहे, मोठी माणसं मधे येत नाहीत, आणि गोष्ट संपली तरी पुढचं पुस्तक आहे. हे तिसरं फार मोलाचं. नऊ ते बारा हे मालिकेचं वय आहे. एक पुस्तक आवडलं की मुलाला तसंच दुसरं हवं असतं, वेगळं नको असतं. आपण मात्र ‘आता जरा निराळं वाच’ म्हणून त्याला तिथून उठवतो. फाफेची वीसेक पुस्तकं एका दमात वाचून काढणारा मुलगा बिघडला असं मी अजून पाहिलेलं नाही. दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे आकाशवाणीवरून पुस्तकात आला तोही याच वाटेने. अशोक जैनांनी मराठीत आणलेला सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलूदाही मुलं अशीच एकामागून एक नेतात.

दक्षिणेतून आलेला ‘चांदोबा’ मराठीत १९५२ पासून निघू लागला. बालभारती १९६७ मध्ये स्थापन झाली आणि तिने १९७१ च्या बालदिनाला ‘किशोर’ सुरू केलं. सरकारी मासिक म्हटल्यावर जी रूक्षता डोळ्यांपुढे येते ती त्यात नव्हती. मोठ्यांसाठी लिहिणारे नामवंत लेखक आणि चित्रकार त्यात मुलांसाठी कामाला लागले, आणि दर घरी नाही तरी दर शाळेत ते पोचू शकत होतं. खेड्यातल्या मुलाला लेखकाचं नाव पहिल्यांदा कळायचं ते एक तर किशोरमधून, नाही तर बालभारतीच्या धड्याखालच्या ओळीतून. पाठ्यपुस्तकाची ही बाजू आपण विसरतो. धडा एखाद्या पुस्तकातला उतारा असायचा, मागे स्थूलवाचनाचे धडे असायचे, आणि जून महिन्यात नवं कोरं पुस्तक हातात पडलं की पोरं शाळा भरायच्या आत ते सगळे वाचून काढायची. पुढचं पुस्तक मिळालं नाही तर दोष त्यांचा नव्हता.

कारण कपाटाला कुलूप होतं. केंद्र सरकारच्या १९८७ च्या खडूफळा योजनेत प्राथमिक शाळांना पुस्तकंही मिळाली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं आणि त्यात गोष्टींची पुस्तकंही हवीत, असं लिहिलं आहे. पुस्तकं आली, यादीवर सह्या झाल्या, जडसंग्रह नोंदवहीत आकडे चढले. पण हरवलेल्या पुस्तकाची भरपाई गुरुजींच्या खिशातून होण्याची भीती असेल तर किल्ली कोण देईल? आमच्या शाळेतलं कपाट मी सहावीत असताना एकदाच उघडलं, तपासणीच्या आदल्या दिवशी, धूळ पुसायला. मी त्या अर्ध्या तासात उभ्यानेच एक राक्षसाची गोष्ट वाचली. शेवट अजून माहीत नाही.

गेल्या काही वर्षांत चित्र बरंच पालटलं. साहित्य अकादमीने २०१० पासून बालसाहित्याला वेगळा पुरस्कार द्यायला सुरुवात केली. मराठीत पहिल्या वर्षी तो अनिल अवचटांना ‘सृष्टीत... गोष्टीत’साठी मिळाला, २०१४ मध्ये माधुरी पुरंदरे यांना. पुरंदऱ्यांचं ‘वाचू आनंदे’ मला या सगळ्या इतिहासात वेगळं दिसतं. चांगल्या मराठी लेखनातले उतारे आणि त्यांच्याशी बोलणारी चित्रं, बालगट आणि कुमारगट अशी विभागणी. खरं तर ती सुचवण्याचीच पुस्तकं आहेत, पण ती ‘हे वाच’ असं सांगत नाहीत. दोन पानं चाखायला देतात, मग आवडलं तर मूल पुढचं मागतं. म्हणजे पुन्हा मासिकाचीच युक्ती.

दरम्यान शाळेचं माध्यम बदललं, आणि माझ्या खिडकीवरचा प्रश्नही. आता समोरची अकरा वर्षांची मुलगी इंग्रजीत चारशे पानांची कादंबरी फस्त करते आणि मराठीत तिसरीच्या वेगाने वाचते. मराठी सगळ्या शाळांत सक्तीची करणारा राज्याचा कायदा २०२० मध्ये झाला, पण सक्तीने विषय होतो, वाचन होत नाही. अशा मुलीला छोट्यांचं पुस्तक दिलं तर तिचा अपमान होतो आणि तिच्या वयाचं दिलं तर दमछाक. कमी मजकुराचं, पण विषयाने मोठं पुस्तक मराठीत शोधावं लागतं. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर पातळ्या लावलेल्या, मोफत वाचता येणाऱ्या मराठी गोष्टी आहेत. त्यातली चौथी पातळी अशा मुलांना चालते. भाषांतरं मात्र निवडून घ्यावी लागतात. काही वाचताना दाताखाली खडा येतो.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या याद्या. ‘मुलांनी दहावीच्या आत वाचायलाच हवीत अशी पन्नास पुस्तकं’. त्या याद्या पालकांच्या बालपणाच्या असतात, मुलांच्या नव्हे. त्यांत ‘एक होता कार्व्हर’ असतं, ते ठीक. पण प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’ही असतं, कारण त्यातला लंपन शाळकरी आहे. लंपन मुलगा आहे, पण त्याच्याकडे वळून पाहणारी नजर मोठ्या माणसाची आहे. दहा वर्षांच्या मुलाला तिथे काहीच घडत नाही असं वाटतं, आणि त्याचं खरंच आहे. पंचविशीत त्याने ते पुन्हा हातात घ्यावं म्हणून तरी आत्ता देऊ नका.

मी अलीकडे यादी देत नाही. किशोरचे जुने अंक आता संगणकावर मोफत वाचता येतात. ते दाखवते आणि बाजूला होते. परवा एका मुलाने सत्तरच्या दशकातला अंक उघडला, वीस मिनिटं हलला नाही, मग वर्गणीच्या सूचनेवर बोट ठेवून मला हाक मारली.

“ताई, मनिऑर्डर म्हणजे काय?”