तारा तुटला की रॉकेट पडलं?

२ एप्रिल २०२२, पाडव्याचा दिवस. रात्री आठच्या आसपास अकोल्याच्या मामाचा व्हॉट्सॲपवर व्हिडिओ आला, आभाळात ठिणग्यांची एक माळ सावकाश सरकतेय आणि मागून मामी ओरडतेय 'अहो, विमान पडतंय वाटतं'. आम्ही परळला ताटावरचे उठून गच्चीत धावलो, पण वर नेहमीचंच धुरकट पिवळट आभाळ, दिसणार काय डोंबल! आजी शांतपणे म्हणाली, तारा तुटला, कोणीतरी गेलं असेल.

आता आजीला हसायचं काही कारण नाही, कारण आपल्याकडे हा हिशोब फार जुना आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत उल्केचे पाच प्रकार दिलेत, धिष्ण्या, उल्का, अशनी, विद्युत आणि तारा, आणि वर कोणाचं फळ किती दिवसांत तेही सांगून ठेवलंय. उल्केचं पंधरा दिवसांत, तारेचं सहा. यातला अशनी शब्द आपण आजही वापरतो, जमिनीपर्यंत पोचलेल्या दगडासाठी.

गंमत म्हणजे युरोपातल्या बऱ्याच विद्वानांना आकाशातून दगड पडतात हेच पटत नव्हतं. १७९४ला क्लाडनी नावाच्या जर्मन माणसाने हे दगड अवकाशातून येतात असं लिहिलं तर लोकांनी त्याची टर उडवली. मग १७९८च्या डिसेंबरात आपल्या बनारसजवळ दगड पडले, ते लंडनला गेले, तिथे हॉवर्ड नावाच्या रसायनतज्ज्ञाने १८०२मध्ये ते तपासले तर वेगवेगळ्या ठिकाणच्या अशा दगडांत निकेल सापडलं, जे आपल्या साध्या दगडांत सहसा नसतं. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये लेग्लला भरदिवसा हजारो दगड पडले आणि वाद मिटला. आपलं लोणार तर कधीचं समोर होतं म्हणा, पावणेदोन किलोमीटरचा खड्डा, पण तो ज्वालामुखीचाच असं कितीतरी वर्षं मानायचे.

मामाच्या व्हिडिओतली माळ मात्र उल्का नव्हतीच. उल्का सेकंदाला अकरा ते बहात्तर किलोमीटर वेगाने घुसते, बहुतेक वेळा बघ बघ म्हणेपर्यंत संपलेली असते. ही चांगली रमतगमत गेली, कारण कक्षेतून खाली येणाऱ्या वस्तूचा वेग जेमतेम आठ किलोमीटर. अभ्यासकांच्या मते तो २०२१ला सोडलेल्या चिनी लाँग मार्च रॉकेटचा टप्पा, म्हणजे वापरून झालेला एक भाग होता. त्याच रात्री चंद्रपूरच्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरीला, दोन-तीन मीटर रुंदीचं धातूचं कडं पडलं, आणि ते गेलं थेट पोलीस ठाण्यात.