कल्पनारम्य मालिकेतील नैतिक गुंतागुंत आणि रूपक

काल्पनिक राज्ये, ड्रॅगन आणि जादू यांच्या आडून सत्ता, गुलामी, दुष्काळ असे खरे प्रश्न मांडायचे आणि त्यांना निर्दोष उत्तर मात्र द्यायचे नाही, अशी कथनपद्धती. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ (२०११–२०१९, ८ पर्वे, ७३ भाग) ही जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या कादंबरीमालेवरची मालिका हे तिचे बहुचर्चित उदाहरण.

मराठवाड्याच्या वाचकाला रूपक नवे नाही. पैठणच्या एकनाथांच्या भारुडात विंचू चावतो तो काम-क्रोधाचा आणि त्यावरचा उतारा सत्त्वगुणाचा. अर्थ भारुडातच उलगडून दिलेला असतो. मालिकेत तो कुणी उलगडून देत नाही. एकच घटना दोन-तीन खऱ्या प्रश्नांना लागू पडते आणि कुठल्याच एकाला पुरती बसत नाही. ‘ड्रॅगन म्हणजे अणुबॉम्ब’ एवढे म्हणून थांबले, तर ड्रॅगनला भूक लागते आणि तो मालकिणीचेही ऐकत नाही, हा भाग सुटून जातो.

गुंतागुंत तयार होते ती माहिती कोणत्या क्रमाने दिली यावर. सरदारपुत्र जेमी लॅनिस्टर पहिल्याच भागात लहानग्या ब्रॅनला बुरुजावरून ढकलून देतो आणि ब्रॅन पांगळा होतो. आपल्याच राजाला मारणारा म्हणून तो आधीच बदनाम आहे. तिसऱ्या पर्वात तो ब्रिएन या योद्धा स्त्रीला खरे कारण सांगतो: वेडा राजा एरिस अख्खी राजधानी जाळायला निघाला होता. जेमीने राजाच्या रक्षणाची शपथ मोडली आणि शहर वाचले. भीष्मांनी शपथ पाळली आणि द्यूतसभेत ते द्रौपदीसाठी उभे राहिले नाहीत. कीर्तनाला बसणाऱ्यांना हा पेच ठाऊक आहे. मात्र या खुलाशाने ब्रॅनचे पाय परत येत नाहीत. पहिला गुन्हा खात्यावर तसाच राहतो, आणि म्हणूनच हे पात्र खरे वाटते.

मीरीन शहराचे प्रकरण सर्वांत सकस आहे. गुलामांचे मालक वाटेवर मैलामैलाला एक अशी १६३ गुलाम मुले खिळ्यांनी ठोकून मारतात. शहर जिंकल्यावर ड्रॅगनांची मालकीण, राणी डेनेरिस, तितक्याच मालकांना तशीच शिक्षा देते. पुढे मारल्या गेलेल्या एका मालकाचा मुलगा हिझदार दरबारात येऊन सांगतो, की त्याच्या वडिलांचा मुलांच्या हत्येला विरोध होता. तरी मोजणीत तेही गेले. मग एक वृद्ध शिक्षक येतो. मालकाच्या घरी त्याला मान होता, मुलांना शिकवण्याचे काम होते. मुक्तांच्या निवाऱ्यात तरणे लोक म्हाताऱ्यांना लुबाडतात. त्याला स्वतःला परत विकायचे आहे. डेनेरिस एक वर्षाच्या कराराला परवानगी देते, आणि असे करार गुलामीलाच मागच्या दाराने आत आणतील हेही तिला तिथेच ऐकवले जाते.

बीड-धाराशिवच्या प्रेक्षकाला इथे उचल आठवते. एक कोयता, म्हणजे बहुधा नवरा-बायकोची जोडी, हंगामाआधी मुकादमाकडून रक्कम घेते आणि पश्चिम महाराष्ट्र किंवा कर्नाटकात ऊस तोडून टनामागच्या मजुरीतून ती फेडते. बाकी अंगावर राहिली, की पुढच्या साली पुन्हा त्याच मुकादमाकडे. साम्य इथवरच: तोडकऱ्याला कुणी विकू शकत नाही, कायद्याने तो स्वतंत्र आहे. पण बंधन नुसते तोडून भागत नाही, दुसऱ्या दिवशीच्या भाकरीची सोय लागते, हे मीरीनमध्ये जसे दिसते तसे पडद्यावर क्वचितच दिसते.

उत्तरेकडून मृतांची फौज घेऊन येणारे बर्फाळ व्हाइट वॉकर म्हणजे हवामानबदल, हे वाचन बरेच रुळले आहे. मार्टिन यांनी २०१८ मध्ये ढोबळ साम्य मान्य केले, पण आपण लिहायला सुरुवात १९९१ मध्ये केली हेही सांगितले. संकट दाराशी आणि सरदार सिंहासनासाठी भांडताहेत, हे चित्र १५ ऑक्टोबरला जायकवाडी धरणाचा साठा ६५ टक्क्यांच्या खाली निघाला आणि वरच्या धरणांतून पाणी सोडण्यावरून वाद पेटला, की चटकन जुळते. पण व्हाइट वॉकरांचा म्होरक्या नाइट किंग एका खंजिराने मरतो आणि त्याची सारी फौज जागेवर कोसळते. दुष्काळात असा एक शत्रू नसतो; ऊस, खोल जाणारे बोअर आणि रुसलेला पाऊस एकत्र असतात. इथे रूपक ताणले तर दिशाभूल होते.

भाग पाहताना निर्णय कोणी घेतला, त्या क्षणी त्याला काय ठाऊक होते आणि किंमत कोणी मोजली, एवढे टिपून ठेवले तर ‘सगळेच थोडे वाईट’ या आळशी निष्कर्षापासून वाचता येते. अशी टिपणे ठेवली, की आठव्या पर्वाचा दोषही नेमका सापडतो. शरणागतीच्या घंटा वाजल्यावरही डेनेरिस राजधानी जाळते. याचे बीज मीरीनमध्येच होते, पण पर्व अवघ्या ६ भागांचे असल्याने मधल्या पायऱ्या गाळल्या गेल्या, आणि परिणाम पात्रातून न येता वरून लादल्यासारखा वाटतो.

दुसरा दोष त्याहून जुना. तिसऱ्या पर्वाच्या शेवटी सावळ्या वर्णाचे मुक्त गुलाम गोऱ्या राणीला ‘आई’ म्हणत हातांवर उचलतात, आणि त्या गर्दीतल्या कुणालाही स्वतःचे वाक्य मिळत नाही.