वेग भरपूर, तरी गाणे का अडखळते?

ऑनलाइन गाणे ऐकताना आवाज मध्येच तुटला, की नेट स्लो आहे असे म्हणून आपण मोकळे होतो. मग वेगाची चाचणी करून पाहतो, ती १०० मेगाबिटचा आकडा दाखवते आणि गोंधळ आणखी वाढतो. वस्तुतः चांगल्या दर्जाच्या गाण्याला सेकंदाला ३२० किलोबिट पुरतात. सीडीवरच्या ध्वनीला, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने (ध्वनीची क्षणोक्षणीची मापे), प्रत्येक नमुना १६ बिटांचा आणि डावी-उजवी अशा दोन वाहिन्या धरून, १,४११ किलोबिट लागतात. या हिशेबाने १०० मेगाबिटच्या जोडणीवर चांगल्या दर्जाची तीनशे गाणी एकाच वेळी वाजायला हवीत. तरीही एक गाणे अडखळते, कारण त्याला वेगापेक्षा वक्तशीरपणा अधिक लागतो आणि वेगाच्या मोठ्या आकड्यात वक्तशीरपणा दिसत नाही.

गाणे इंटरनेटवरून छोट्या छोट्या पॅकेटांत येते. एखादे पॅकेट २० मिलिसेकंदांत पोहोचते, तर त्याच्या मागून निघालेल्या पॅकेटाला २०० मिलिसेकंद लागतात. या अनियमिततेला जिटर म्हणतात. स्पीकरला मात्र ठरलेल्या क्षणी पुढचा नमुना हवाच असतो, तो थांबू शकत नाही. म्हणून फोन आधी काही सेकंदांचा ध्वनी साठवून घेतो आणि मग वाजवू लागतो. नळाला पाणी कमीजास्त आले तरी टाकीतून धार सारखी पडावी, तसा हा साठा, म्हणजेच बफर, काम करतो. फोनमध्ये डाउनलोड न केलेले एखादे गाणे लावा आणि दहाएक सेकंदांनी वाय-फाय व मोबाइल डेटा दोन्ही बंद करा. गाणे बराच वेळ, कधीकधी शेवटपर्यंत, वाजत राहते.

थेट प्रक्षेपणात ही सोय तोकडी पडते, कारण जे अजून गायलेच गेले नाही ते आधी साठवता येत नाही. तिथे श्रोत्याला मुद्दाम मागे ठेवून साठा करतात: सहा सेकंदांचे तीन तुकडे हाताशी ठेवायचे, तर आपण प्रत्यक्ष मैफिलीच्या निदान १८ सेकंद मागे असतो. फोनवरच्या संभाषणात तेवढीही मुभा नाही. एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. त्यामुळे तिथे उशिरा आलेले पॅकेट हरवल्यातच जमा होते.

नेटला दोष देण्याआधी एक खात्री करून घ्यावी. फोनमध्ये उतरवून घेतलेले गाणेही वायरलेस इअरफोनवर तुटत असेल, तर बिघाड इंटरनेटचा नाही. ब्लूटूथ आणि जुने वाय-फाय दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात, मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथेच गोंगाट करतो. राउटर ५ गिगाहर्ट्झवर नेला की हा प्रश्न बहुधा मिटतो. इअरफोनचा माइक सुरू होताच संगीत जुन्या टेलिफोनसारखे ऐकू येत असेल, तर माइक बंद करावा: पारंपरिक ब्लूटूथमध्ये माइक चालू झाला की ध्वनी कमी दर्जाच्या, एकाच वाहिनीच्या पद्धतीवर जातो.

आता मूळ मुद्दा. एका संध्याकाळी मी एक थेट मैफल ऐकत होतो. आलाप रंगात आला असतानाच आवाज तुटू लागला. त्याच वेळी घरातल्या दुसऱ्या फोनवरून शेकडो फोटो अपलोड होत होते. पिंग, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर किती वेळात येते ते मोजणारी चाचणी, लावून पाहिला: एरवी २० मिलिसेकंदांत येणारे उत्तर दीड सेकंदाने येत होते. ऐकणे म्हणजे डाउनलोड, मग अपलोडने त्याचे काय बिघडावे? पण डाउनलोडलाही उलटा प्रवास असतो. पुढच्या तुकड्याची मागणी आणि मिळालेल्या पॅकेटांची पोच अपलोडच्याच वाटेने जाते, आणि त्या वाटेवर फोटोंची रांग उभी होती. राउटरमध्ये एक मेगाबाइटची, म्हणजे ८० लाख बिटांची रांग असेल आणि अपलोडचा वेग ५ मेगाबिट असेल, तर रांगेच्या शेवटी उभ्या राहिलेल्या प्रत्येक पोचेला १.६ सेकंद थांबावे लागते. गाणे पुरवणाऱ्या सर्व्हरशी नवी जोडणी करताना अशा तीन फेऱ्या झाल्या, की पाच सेकंद गेलेच.

ही रांग एवढी वाढते कशी, हे मला या सगळ्यात सर्वांत विलक्षण वाटते. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातला दुवा अतिगर्दीमुळे ३२ किलोबिटवरून सेकंदाला अवघ्या ४० बिटांवर आला. त्यानंतर संगणकजाळ्यांचे संशोधक व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या उपायानुसार पाठवणारे यंत्र वेग हळूहळू वाढवत जाते आणि पॅकेट हरवल्याचे कळताच तो एकदम कमी करते. हरवलेले पॅकेट हाच गर्दीचा इशारा. पुढे मेमरी स्वस्त झाली आणि काहीच हरवू नये या चांगल्या हेतूने राउटरांत मोठमोठे साठे आले. पॅकेट हरवेना, म्हणून इशारा मिळेना, म्हणून पाठवणारा थांबेना. संगणकतज्ज्ञ जिम गेटिस यांनी २०१० मध्ये या दोषाला ‘बफरब्लोट’ असे नाव दिले. फोनमधला साठा पुढे लागणारा ध्वनी आधी आणून ठेवतो, म्हणून तो तारक असतो. वाटेतल्या राउटरमधला साठा पॅकेटांना नुसता उशीर करतो.

उपाय २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनीच सुचवला. त्यांची ‘कोडेल’ पद्धत रांगेची लांबी पाहत नाही, प्रत्येक पॅकेट किती वेळ थांबले ते पाहते. १०० मिलिसेकंदांच्या अवधीत हा थांबा एकदाही ५ मिलिसेकंदांच्या खाली आला नाही, तर ती एखादे पॅकेट टाकून देते, म्हणजे इशारा मुद्दाम देते. टाकलेले पॅकेट पाठवणारा पुन्हा पाठवतो, त्यामुळे फोटोचे काही बिघडत नाही. हिच्या सुधारित रूपात प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग मिळते आणि गाण्याची पोच फोटोंच्या मागे अडकत नाही.

अनेक राउटरांत ही सोय ‘एसक्यूएम’ (स्मार्ट क्यू मॅनेजमेंट, म्हणजे रांगेचे नियमन) किंवा तत्सम नावाने असते. ती सुरू करून अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ९० टक्क्यांच्या आसपास ठेवायची, म्हणजे रांग आपल्या राउटरमध्येच लागते आणि तिचे नियमन आपल्या हाती राहते. नेटचा वेग वाढवण्याचे आश्वासन देणारी ‘बूस्टर’ अ‍ॅप यातले काहीही करू शकत नाहीत, कारण रांग फोनमध्ये नसतेच. सोन्याचा मुलामा दिलेल्या महागड्या डिजिटल केबलींनीही पॅकेटे लवकर येत नाहीत. त्यांवर पैसे घालवू नयेत.

मर्यादा घातल्यावर मी फोटोंचे तेच अपलोड पुन्हा करून पाहिले, तेव्हा पिंग ३५ मिलिसेकंदांच्या वर गेला नाही. फोटो जायला थोडा अधिक वेळ लागला, एवढेच. जोडणीचा वेग पुढे वाढवून घेतला, तर मर्यादेचा आकडा मात्र आठवणीने बदलावा लागतो, नाहीतर राउटर जुन्याच वेगाने चालत राहतो.